पुरेसं पाणी

४ जानेवारी

टिटवे,

पेपरात तुझा फोटो पाहिला. शेजारच्या निवृत्त नर्सबाई घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ही तुमचीच ना हो?" चष्मा शोधायच्या निमित्ताने मी दोन मिनिटं काढली. केस आखूड केलेस. कपाळावरची आठी मात्र तुझ्या आईची आहे, म्हणजे तूच. खाली लिहिलंय, 'मंगळावरच्या पहिल्या वसाहतीच्या पाण्याची जबाबदारी सांभाळणाऱ्या जलतज्ज्ञ.'

नऊ वर्षांनी लेकीची खबर पेपरातून कळावी, याबद्दल मी काही बोलणार नाही. फोन तू उचलत नाहीस, घरचा पत्ता दिला नाहीस, म्हणून हे पत्र कचेरीच्या पत्त्यावर. तुझ्याआधी कोणी फोडून वाचत असेल तर त्यांनाही माझा नमस्कार.

अभिनंदन. ते मनापासून आहे. आता कामाचं बोलतो.

बातमीत एक वाक्य आहे: 'वसाहतीच्या जागेखाली पुरेसं पाणी असल्याचं निश्चित झालं आहे.' त्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. चौतीस वर्षं मी विहिरींचा उपसा मोजला. इंजिन लावायचं, पाणी उपसत राहायचं, दर तासाला टेप सोडून पातळी किती उतरली ते वहीत लिहायचं. मग इंजिन बंद करून पाणी परत किती वेळात चढतं ते बघायचं. या कामात फूट असतात, तास असतात, लिटर असतात. 'पुरेसं' हे माप मी कुठल्याच टेपवर पाहिलेलं नाही. तो साहेबांचा शब्द.

तेव्हा विचारतो. तिथे भोक कोणी पाडलं? किती खोल? बर्फ आहे म्हणतात, तो कोणी उकरून पाहिलाय, की वर घिरट्या घालणाऱ्या यानाने आत काहीतरी पांढरं असल्याचं सांगितलं? आणि त्या बर्फात माणसाने पिऊ नये असं काही मिसळलेलं नाही ना?

वडील म्हणून उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस. आपण एकाच धंद्यातले, म्हणून दे.

माझी तब्येत उत्तम. गुडघा ठणठणीत.

बाबा


२ फेब्रुवारी

टिटवे,

तुझं उत्तर आलं. पूर्ण मजकूर असा: 'पत्र मिळाले. सर्व मोजमाप योग्य पद्धतीने झालेले आहे. काळजी नसावी. प्रकृतीस जपावे.' छापील अक्षरात, खाली सही.

हे तू लिहिलेलं नाहीस. लहानपणी बाहुलीला झोपवतानाही 'गप झोप, नाहीतर खिडकीतून टाकीन' म्हणणारी मुलगी बापाला 'काळजी नसावी' लिहीत नाही. कोणीतरी कारकून बसवलाय, आलेल्या पत्रांना गोड उत्तरं द्यायला. सही तुझी वाटते, पण शिक्का असू शकतो. भिंगातून बघितली. शाई सगळीकडे सारखी आहे. हाताने केलेल्या सहीत शेवटी शाई जरा फिकी होते.

नर्सबाई म्हणतात मला संशयाचा आजार आहे. असेल. त्या माझी पत्रं पेटीत टाकायला नेतात, आणि वाटेत वाचतात असा मला दाट संशय आहे. पाकिटाचा डिंक नीट बघ.

काल बाजारातल्या जुन्या थिएटरात गेलो होतो. तुमच्या लोकांनी तिथे नावनोंदणीचं दालन उघडलंय. खुर्च्या काढून गालिचा घातलाय. मधोमध टेबलाएवढा मंगळ: तांबडी माती, काचेच्या घुमटाखाली चिमुकली घरं आणि त्यांच्यामध्ये निळ्या काचेचं तळं. टाय लावलेल्या गृहस्थांना विचारलं, "हे काय?"

"तळं, आजोबा."

"तिथे उघड्यावर पाणी टिकत नाही म्हणे. माझी मुलगी आठवीत असताना सांगायची."

"ते प्रतीकात्मक आहे."

"आणि घरं?"

रांगेतली दोन-तीन माणसं हसली. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी मला पुस्तिका दिली आणि हलक्या हाताने दाराकडे वळवलं. वळलो तर समोर आपला सलूनवाला! वीस वर्षं माझे केस कापतोय, आता कापण्यासारखे उरले नाहीत तरी कापतो. बरोबर बायको, आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलगी त्या निळ्या काचेला बोट लावून बघत होती.

"काका, तुम्ही पण?"

"मी बघायला आलोय. तू?"

"आमचं झालं. दुसऱ्या तुकडीत नाव लागलं. मे महिन्यात सरावाच्या तळावर जायचं, तिथून पुढे वर. दुकान भाच्याला दिलं."

"अरे, तिथे डोकी किती?"

"चारशे. पण सगळ्यांचे केस वाढणार, आणि गावात दुसरं दुकान नाही." स्वतःच्याच विनोदावर तो खूश झाला. मी विचारलं, "आणि पाण्याचं काय?" तर मी थट्टा करतोय अशा नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं.

"काका, अहवालाखाली तुमच्या लेकीची सही आहे. मी घरात सगळ्यांना दाखवली. हिचे भाऊ नको नको म्हणत होते, त्यांनाही दाखवली. म्हटलं, काकांना मी वीस वर्षं ओळखतो. त्यांची मुलगी खोटं लिहील का?"

घरी आलो. दोन मजले चढायला पंधरा मिनिटं लागली. गुडघ्याचं मागच्या पत्रात लिहिलं ते खरं नाही.

या वेळी हाताने लिही.

बाबा


२१ फेब्रुवारी

टिटवे,

चार पानं, हाताने, आणि तिसऱ्या पानावर कागद फाटेस्तोवर दाबलेलं पेन. ही तू. आधीचंही तूच लिहिलं होतंस म्हणतेस, मुद्दाम, मला बोलायला जागा राहू नये म्हणून. बरं. मानतो. सहीचं मात्र अजून पटलेलं नाही.

तू विचारतेस, 'माणसाने कुठे जाऊच नये का? जिथे तुम्ही बसून हे लिहिता तिथेही कोणीतरी पहिल्यांदा आलं होतं, आणि त्याला पाण्याची हमी कोणी दिली नव्हती. उद्या ही पृथ्वी राहण्यासारखी उरली नाही तर लोकांनी तुमच्या संशयावर राहायचं का?'

छान लिहिलंयस. पण मी एकदा वसाहत बसवलेली आहे, तू बसवलेली नाहीस. ती कशी बसली ते सांगतो. तू तिथेच जन्मलीस, पण तुला आठवत नसणार.

खाली धरण झालं आणि नव्वद घरं पाण्याखाली जाणार होती. त्यांच्यासाठी वर माळावर नवी वसाहत आखली. सरळ रस्ते, सारखी घरं, शाळेला जागा, आणि तीन नव्या विहिरी. वर्ष पावसाचं होतं. माळही हिरवा दिसत होता. विहिरींचा उपसा मोजायला मला पाठवलं. मी एकतीस वर्षांचा, नोकरी अजून कच्ची. मोजमाप झालं, साहेबांनी अहवालात लिहिलं, 'पुरेसं पाणी.' घरं भरली. विश्वास बसावा म्हणून आम्ही कर्मचारीही तिथेच राहायला गेलो. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी विहिरी पौषातच खोल गेल्या. तिसऱ्या उन्हाळ्यात तळ दिसला. चौथ्या वर्षी लोक निघून गेले. सामान डोक्यावर घेऊन, अकरा मैल, पायी. आम्हीही निघालो.

साहेबांनी शब्द लिहिला आणि साहेब बदली होऊन गेले. माझं काम आकडे देण्याचं होतं, ते मी दिले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांना कळायला हवं होतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझा एवढाच जबाब. माळावरचे लोक चालत परत येऊ शकले. सलूनवाल्याची मुलगी तिथून चालत कुठे येणार?

तू अजून माझ्या पहिल्या पत्रातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाहीस. चार पानांत नाही. माझ्या लक्षात आलंय.

बाबा


९ मार्च

टिटवे,

पाकिटात एकच कागद. माझ्या वहीच्या पानाची झेरॉक्स, 'विहीर क्र. ३'. मागे तुझ्या अक्षरात: 'ही वही आईच्या पेटीत तळाशी होती. नऊ वर्षं माझ्याकडे आहे. आकडे दिले म्हणता, ते कुठून दिले तेही लिहा.'

दुपारी कागद हातात पडला. संध्याकाळी नर्सबाई आल्या तेव्हाही तसाच बसलेलो होतो. त्यांनी माझी नाडी बघितली आणि काही न विचारता चहा ठेवला.

आजवर मी समजत होतो की आईच्या आजाराचं तुला उशिरा कळवलं म्हणून तू गेलीस. आई गेल्यावर तिची पेटी आवरायला बसलीस, ताट वाढलेलं होतं, आणि तू न जेवता बॅग उचललीस. मी जिन्यापर्यंत आलो. तू मागे वळून बघितलंस तेही मला बघायला नव्हे, दार लागलं का ते बघायला. नऊ वर्षं मी त्या उशिरा केलेल्या फोनबद्दल स्वतःला बोल लावत होतो. चुकीच्या गोष्टीबद्दल.

लिहितो.

चाचणी बहात्तर तासांची असते. तिसऱ्या विहिरीवर इंजिन आठ तास चाललं. मग डिझेल संपलं. साहेब जीपमधून आले. म्हणाले, लोकांचं सामान ट्रकमध्ये चढलंय, सोमवारी येतायत, आता डिझेल कुठून आणू? आठ तासांत अंदाज आलाच असेल की. मी म्हटलं, "साहेब, पातळी आठव्या तासाला आधीपेक्षा जोरात उतरतेय." ते म्हणाले, "तुझ्या कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे." एवढंच. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्या पानावरचे पहिले आठ आकडे बघ. ओल्या हाताने लिहिलेत, शाई पसरलीय. पुढचे चौसष्ट एका बैठकीत, कोरड्या हाताने, एकाखाली एक, सुबक. स्वयंपाकघरात बसून लिहिले. तुझी आई समोर भाजी चिरत होती, तुझ्या वेळी सातवा महिना होता. तिने विचारलं, "इंजिन तर बंद आहे. मग हे आकडे कुठून येतायत?" मी म्हटलं, "अनुभवातून." ती त्यानंतर हसली असेल, बोलली असेल, एकतीस वर्षं संसार केला असेल, पण माझ्या कामाबद्दल तिने पुन्हा एक प्रश्न विचारला नाही. वही हरवली असं मी समजलो. तिने ठेवली होती.

आणि अजून एक. आम्ही विश्वास बसावा म्हणून तिथे राहिलो, असं मागे लिहिलं. राहिलो ते खरं. पण कर्मचाऱ्यांच्या घरांना रोज जीपने शहरातून पाण्याचे दोन कॅन यायचे. माळाचं पाणी आम्ही अंगणात शिंपायला वापरायचो. तुझ्या पोटात त्या विहिरीचा थेंब गेला नाही. आई एक कॅन पदराआड झाकून शेजारच्या सुईणबाईंकडे पोचवायची. मला ठाऊक होतं. मी बघितलं नाही असं दाखवायचो, आणि तेवढ्यावर स्वतःला चांगला माणूस समजायचो.

तुझ्या वेळचं बाळंतपण सुईणबाईंनीच केलं. पहिला टाहो ऐकून त्याच म्हणाल्या, ही तर टिटवी! तू अडीच वर्षांची असताना, तिसऱ्या उन्हाळ्यात, जीप आठवडाभर बंद होती. सुईणबाई तिसऱ्या विहिरीत उतरल्या. चाळीस फूट, भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कड्या धरून, कमरेला कळशी बांधून. तळाला वाटीने भरावं लागे. वर येताना हात सुटला. चौकशीत लिहिलं, 'पाय घसरून मृत्यू.' तो कागद मीच लिहून दिला, कारण माझं अक्षर चांगलं होतं. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा कठड्यापाशी उभा होता.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. आता तुझ्या कचेरीत जो कोणी पत्र फोडत असेल त्यालाही कळलं. कळू दे.

आता तू सांग. तुझ्या अहवालाचे किती तास ओल्या हाताचे आहेत?

बाबा


३० मार्च

टिटवे,

तुझं पत्र दहा वेळा वाचलं. या वेळी संशय यावा असं त्यात काही नाही, आणि तेच जास्त वाईट.

तर अहवाल दोन पानांचा होता. पहिल्या पानावर, यानाच्या यंत्राला जमिनीखाली बर्फ दिसतो. दुसऱ्यावर, तो बर्फ अजून कोणी खोदून पाहिलेला नाही, किती आहे ते नक्की नाही, त्यात विषारी क्षार असू शकतात, आणि यंत्र पाठवून वर्षभर पाणी काढून बघितल्याशिवाय कुटुंबं पाठवू नयेत. दोन्ही पानांवर तुझी सही. छापून आलं ते पहिलं पान. 'पुरेसं' हा शब्द तुझा नव्हे. दुसरं पान 'अंतर्गत' झालं.

आणि तू सात महिने गप्प.

कारण विचारायच्या आधीच तू लिहिलंस: पहिल्या तुकडीत तुझं स्वतःचं नाव आहे. 'मी लोकांना पाठवून घरी बसणार नाही. जे पाणी ते पितील तेच मी पिईन. तुमच्यासारखे कॅन मागवणार नाही.' टोला बरोबर बसला. तो बसण्याजोगा होता.

पण पोरी, जरा थांब. तू तिथे जाऊन राहतेस यानेच तर लोक फसतील. सलूनवाला म्हणेल, बघा, काकांची मुलगी स्वतः गेली. माझ्या अंगणातली ओली माती बघून माळावरचे लोक म्हणायचे, मोजणारा स्वतः इथे राहतो, पाणी असणारच. तुझं धाडस त्यांच्या काय उपयोगाचं? त्यांना तुझी तहान नकोय. त्यांना दुसरं पान हवंय.

आणि खरं सांगू? मला वाटतं तू गप्प राहिलीस त्याचं कारण वेगळं आहे. आठवीपासून गच्चीवर दुर्बीण लावून बसायचीस. तोंड उघडलं तर यादीतून नाव जाईल, ही भीती आहे. मला साहेबांच्या टेबलावरचा कागद हवा होता, तुला यादीतलं नाव. हे चुकीचं असेल तर मला शिव्या घाल. मी वाट बघेन.

तू जाऊ नयेस असं मी म्हणत नाही. म्हणावंसं वाटतं, पण म्हणत नाही. ज्याला जायचंय त्याने जावं. खिशात खरा आकडा घेऊन जावं, एवढंच. सलूनवाल्याच्या खिशात खोटा आहे, आणि त्यावर तुझं नाव आहे.

मे महिन्याला पाच आठवडे आहेत.

बाबा


२२ एप्रिल

टिटवे,

शिव्या आल्या नाहीत. दुसरं पान आलं. सोबत चिठ्ठीही नाही. पाकीट नर्सबाईंनी आणलं, आणि मला शंका येऊ नये म्हणून दोन बोटांत लांब धरून आणलं.

पान घेऊन दुकानात गेलो. भाचा एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. सलूनवाला मागच्या खोलीत कात्र्यांना तेल लावून कापडात गुंडाळत होता. प्रत्येकाला पाच किलो सामानाची परवानगी आहे, त्यात याच्या कात्र्याच दोन किलो.

मी पान वाचून दाखवलं. सावकाश. 'क्षार' म्हणजे काय ते समजावलं. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. वाचून झालं तरी तो कात्री पुसतच राहिला.

"ही सही तीच आहे का?"

"तीच."

"मग पहिल्या पानाबरोबर हे का नव्हतं?"

"काढून ठेवलं."

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"तीन आठवडे. कागद हातात नव्हता म्हणून बोललो नाही." हे बोललो, आणि मलाच ते ऐकू आलं. मी आणखी तीन आठवडे खाल्ले होते.

बायको म्हणाली, "मी विचारलं होतं यांना. म्हटलं, तळ्याची काच निळी कशाला लावलीय."

तो म्हणाला, "काका, हे आधी वाचलं असतं तरी कदाचित मी गेलो असतो. एकटा. मला खरंच जायचंय. इथे मी आयुष्यभर एका आरशात बघत उभा आहे. पण पोरीला घेऊन नसतो गेलो. ते मला ठरवू द्यायचं होतं की नाही?"

मी म्हटलं, "द्यायचं होतं."

"तुमच्या लेकीला सांगा, पान पाठवलं ते बरं केलं. उशीर केला तेही सांगा."

सांगतोय.

दुसऱ्या दिवशी तो पान घेऊन थिएटरात गेला. आदल्या दिवशीच्या जिन्याने गुडघा धरला म्हणून मी जाऊ शकलो नाही, नर्सबाई गेल्या. त्यांच्या सांगण्यानुसार तो रांगेत शिरला नाही. दुकानातून उचलून नेलेल्या खुर्चीवर उभा राहिला आणि रोज गिऱ्हाइकांशी बोलतो त्याच आवाजात पान वाचलं. टायवाले म्हणाले, हे अनधिकृत आहे. एका म्हाताऱ्या शिंपिणीने विचारलं, "अनधिकृत असू दे, खोटं आहे का?" त्यावर ते गृहस्थ फोन करायला आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत.

तुझ्यावर काय येईल ते मला कळतं. लपवायचा प्रयत्न करू नकोस, म्हणजे माझ्यापासून.

बाबा


१९ मे

टिटवे,

कुटुंबांच्या तुकड्या 'तांत्रिक कारणास्तव' दोन वर्षं पुढे गेल्या, हे पेपरात वाचलं. त्याआधी खणायचं यंत्र जाणार, हेही. तांत्रिक कारण म्हणजे सलूनमधली खुर्ची, असं नर्सबाई म्हणतात. सलूनवाल्याने नाव काढून घेतलेलं नाही, फक्त मुलीचं आणि बायकोचं काढलं. भाच्याने अर्धा आरसा परत दिलाय.

तुला कामावरून दूर केलं, तेही तुझ्याकडून कळलं. पेपरात नव्हतं. यंत्राबरोबर जी पाच माणसं जाणार, त्यांत तुझं नाव घालायचं की नाही यावर त्यांचा वाद चाललाय म्हणतेस. मला शंका आहे की घालतील. खणून खरं काय निघालं ते सांगणारं कोणीतरी त्यांना आता लागणारच, लोक विचारतील म्हणून. मला हेही वाटतं की तुला ते आधीच कळलंय आणि तू मला हळूहळू सांगतेयस. सांग हळूहळू. माझी हरकत नाही.

तू शेवटी विचारलंस, 'आणि तुमचं दुसरं पान?'

परवा सुईणबाईंच्या मुलाकडे गेलो. पत्ता शोधायला तीन दिवस लागले. तो शिलाई मशीन दुरुस्त करतो, पन्नाशी उलटलीय, सावकाश बोलतो. मला ओळखलं नाही. ओळख सांगितल्यावर हातातला स्क्रू त्याने खाली ठेवला. बसा म्हणाला नाही. मी काठीवर टेकून उभाच राहिलो आणि सगळं सांगितलं. आठ तास, चौसष्ट आकडे, कॅन, चौकशीचा कागद. मध्ये एक बाई मशीन घ्यायला आली, त्याने तिला उद्या या म्हणून परत पाठवलं.

मी घरून जबाब लिहून नेला होता, सही करून. पाणी खात्याला आणि पेपरला एकेक प्रत देणार आहे, असं म्हटलं. त्याने तो वाचला. दोनदा. मला वाटलं चिडेल, किंवा रडेल. तो म्हणाला, "इथे लिहिलंय, 'वसाहतीतील एका स्त्रीचा मृत्यू झाला.'"

"हो."

"एका स्त्रीचा नाही. माझ्या आईचा. नाव लिहा."

मी पेन काढलं. टोपण उघडलं. आणि टिटवे, मला नाव माहीत नव्हतं. शेजारी साडेतीन वर्षं राहिलो. माळावर सगळे त्यांना सुईणबाई म्हणायचे, मीही म्हणायचो. चौकशीच्या कागदावरही मी 'सुईण' एवढंच लिहिलं होतं आणि कोणी हरकत घेतली नव्हती.

त्याला विचारावं लागलं. किती वेळ तो माझ्याकडे बघत राहिला ते मी मोजलं नाही. मग त्याने सांगितलं. मी लिहिलं. वेलांटी पहिली की दुसरी ते विचारलं, पुन्हा एकदा वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "आता जा."

बाबा